मोफत सुरक्षा-सॉफ्टवेअरने घरचा संगणक सुरक्षित कसा करावा: पायऱ्या, त्यांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

जुने अँटिव्हायरस न काढता त्यावर दुसरे बसवणे, बॅकअप न घेता स्कॅन चालवून कामाच्या फाइली गमावणे आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून बंद केलेले संरक्षण पुन्हा चालू न करणे, या तीन चुका घरगुती संगणकांवर सतत आढळतात. यांपैकी एकही चूक पैसे वाचवण्यामुळे होत नाही. मोफत साधने घरच्या वापराला पुरेशी आहेत, मात्र ती योग्य क्रमाने वापरावी लागतात. हा लेख विंडोज ११ असलेल्या संगणकासाठी आणि लॅपटॉपसाठी आहे. विंडोज १० वापरणाऱ्यांनाही बहुतेक पायऱ्या लागू पडतील. त्यांच्यासाठी एक महत्त्वाची सूचना दुसऱ्या टप्प्यात आहे. पूर्ण स्कॅनला जुन्या हार्ड डिस्कवर काही तास लागू शकतात, म्हणून सुट्टीचा दिवस निवडावा आणि लॅपटॉप चार्जरला जोडूनच ठेवावा.

## पूर्वतयारी: कशालाही हात लावण्यापूर्वी

पहिले काम बॅकअपचे. अँटिव्हायरस संशयास्पद फाइल अलग ठेवते किंवा काढून टाकते, आणि कधी कधी त्यात आपली हवी असलेली फाइलही जाते. बाहेरची हार्ड डिस्क जोडून कागदपत्रे, फोटो, हिशेबाचा डेटा आणि ब्राउझरमधील बुकमार्क यांची प्रत घ्यावी. सॉफ्टवेअर बसवण्याच्या जुन्या फाइली मात्र या प्रतीत घेऊ नयेत, कारण संसर्ग असलाच तर तो बहुधा त्यांच्याबरोबरच पुढे जातो. प्रत घेतल्यावर त्यातल्या चार-दोन फाइली उघडून पाहाव्यात आणि डिस्क काढून कपाटात ठेवावी. खंडणीखोर व्हायरस, म्हणजे रॅन्समवेअर, संगणकाला जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलींनाही कुलूप लावते. त्यामुळे कायम जोडून ठेवलेल्या डिस्कला बॅकअप म्हणता येत नाही.

दुसरे काम रिकव्हरी कीचे. अनेक नव्या लॅपटॉपांवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात गेलेली, असते आणि मालकाला त्याची कल्पनाही नसते. पुढे एखाद्या दुरुस्तीच्या वेळी संगणक अचानक ४८ अंकी की मागतो आणि ती हाताशी नसेल तर सगळा डेटा अडकून पडतो. सेटिंग्जमधील 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' या भागात 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' चालू दिसले, तर आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन ती की शोधावी आणि कागदावर उतरवून घ्यावी. हे काम पाच मिनिटांचे आहे आणि ते टाळल्याची किंमत फार मोठी असते.

सावधान: संगणकात आधीच काही शिरल्याचा संशय असेल, तर ही सगळी प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत त्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत. पासवर्ड बदलायचे असल्यास ते मोबाइलवरून किंवा दुसऱ्या संगणकावरून बदलावेत. संसर्ग झालेल्या यंत्रावर नवा पासवर्ड टाइप केला, तर तोही चोराच्या हाती जाण्याची शक्यता असते.

## टप्पा १: आधी काढणे

नवीन लॅपटॉपबरोबर अनेकदा एखाद्या सशुल्क अँटिव्हायरसची काही महिन्यांची चाचणी-आवृत्ती येते. मुदत संपते, नूतनीकरणाची आठवण करून देणारी खिडकी रोज उघडते, मालक ती रोज बंद करतो, आणि प्रत्यक्षात पहाऱ्यावर कोण आहे हे कुणालाच ठाऊक नसते. दुसरे अँटिव्हायरस संगणकात असेल, तर डिफेंडर हे विंडोजचे स्वतःचे अंगभूत अँटिव्हायरस आपोआप बाजूला होते. म्हणून सेटिंग्जमधील 'इन्स्टॉल्ड ॲप्स'ची यादी वरपासून खालपर्यंत वाचावी आणि मुदत संपलेली अँटिव्हायरस, 'पीसी क्लीनर', 'ड्रायव्हर अपडेटर', 'बूस्टर' अशा नावांची साधने आणि आपण कधी बसवली हे आठवत नाही अशा ब्राउझर-पट्ट्या काढून टाकाव्यात. काढल्यानंतरही अँटिव्हायरसचे अवशेष राहिल्यासारखे दिसले, तर संबंधित कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर मिळणारे काढण्याचे साधन वापरावे. हार्डवेअर किंवा ड्रायव्हर यांच्याशी संबंधित वाटणाऱ्या नोंदी मात्र खात्री झाल्याशिवाय काढू नयेत.

याच यादीत एनीडेस्क, टीमव्ह्यूअर यांसारखी दूरनियंत्रणाची साधने आहेत का, ते पाहावे. ही साधने मुळात कायदेशीर असल्यामुळे अँटिव्हायरस त्यांना सहसा अडवत नाही. 'बँकेतून बोलतोय, केवायसी अपूर्ण आहे' असे सांगून ठकवणारे लोक हीच साधने बसवायला लावतात. रोजच्या कामाला लागत नसतील तर ती काढलेलीच बरी.

सगळ्यात अवघड भाग 'क्रॅक' केलेल्या सॉफ्टवेअरचा आहे, आणि तो स्पष्टच सांगायला हवा. विंडोज किंवा ऑफिस फुकटात चालू करणारी 'ॲक्टिव्हेटर' साधने, फुटलेली फोटो-संपादन सॉफ्टवेअरे आणि मराठी टंकनाची चोरटी पॅकेजे संगणकावर असतील, तर पुढचे सगळे टप्पे अर्धवट ठरतात. अशा साधनांच्या सूचनांमध्ये पहिलीच ओळ बहुधा 'अँटिव्हायरस बंद करा' अशी असते. कायदेशीर मोफत पर्याय बहुतेक कामांसाठी आहेत. ऑफिससाठी लिब्रेऑफिस, छायाचित्रांसाठी गिंप, आणि युनिकोड मराठीसाठी विंडोजमध्येच अंगभूत असलेला 'मराठी फोनेटिक' कळफलक. तो चालू करण्यासाठी सेटिंग्जमध्ये मराठी भाषा जोडून तिच्या पर्यायांत कळफलक निवडावा लागतो.

तपासणी: संगणक एकदा रीस्टार्ट करावा. काढलेले सॉफ्टवेअर पुन्हा यादीत दिसले, तर ते सोडून पुढे जाऊ नये. त्याचे नाव लिहून ठेवावे, चौथ्या टप्प्यातल्या स्कॅनमध्ये काही सापडले तर पडताळणीसाठी त्याची गरज पडेल.

## टप्पा २: अद्ययावत करणे

अँटिव्हायरस दारावरच्या माणसाला ओळखते. भिंतीला पडलेले भगदाड ते बुजवू शकत नाही. ती भगदाडे विंडोजच्या सुरक्षा-अद्यतनांनी बुजतात, आणि म्हणून हा टप्पा स्कॅनच्या आधी येतो. 'विंडोज अपडेट' उघडून जे आहे ते सर्व उतरवावे, रीस्टार्ट करावे आणि पुन्हा तपासावे. काही अद्यतने आधीची बसल्याशिवाय दिसतच नाहीत, त्यामुळे 'यू आर अप टू डेट' हा संदेश येईपर्यंत हे चक्र चालू ठेवावे. त्यानंतर ब्राउझर, पीडीएफ वाचक आणि फाइली उलगडणारे सॉफ्टवेअर यांची अद्यतनेही पाहावीत.

विंडोज १० वापरणाऱ्यांसाठी: या आवृत्तीची नियमित मोफत सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने वाढीव अद्यतनांची योजना ठेवली असून तिची नोंदणी 'विंडोज अपडेट'च्या पानावरूनच होते. संगणक विंडोज ११ पेलत असेल तर वेळ न घालवता तिकडे जावे. पेलत नसेल आणि वापर फक्त ब्राउझर, ईमेल आणि पत्रलेखन एवढाच असेल, तर लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली बसवणे हा खरोखर चांगला पर्याय आहे. विंडोज ७ वर कोणतेही अँटिव्हायरस टाकून तो संगणक इंटरनेटला सुरक्षित होत नाही.

## टप्पा ३: एकच पहारेकरी निवडणे आणि त्याची घडी बसवणे

सतत जागे राहून संरक्षण करणारे अँटिव्हायरस संगणकात एकच असावे. दोन असली की दोघेही प्रत्येक फाइल उघडताना आडवे येतात, संगणक मंदावतो आणि काही वेळा एकमेकांच्याच फाइलींना संशयित ठरवतात. माझे मत विंडोजच्या अंगभूत डिफेंडरच्या बाजूने आहे. ते वेगळे उतरवावे लागत नाही, मुदत संपत नाही आणि जाहिराती दाखवत नाही. बाहेरचे मोफत अँटिव्हायरस घ्यायचेच असेल तर त्याचे गोपनीयता-धोरण वाचावे. आपल्या मोफत अँटिव्हायरससाठी जगभर परिचित असलेल्या अव्हास्ट कंपनीने वापरकर्त्यांची ब्राउझिंगची माहिती एका उपकंपनीमार्फत विकल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये तिच्यावर १ कोटी ६५ लाख डॉलर भरण्याची पाळी आणली. 'मोफत'ची किंमत कशातून वसूल होते, हे बसवण्यापूर्वीच पाहायचे असते.

'विंडोज सिक्युरिटी' उघडून 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मधील 'मॅनेज सेटिंग्ज' या दुव्यावर जावे. 'रिअल-टाइम प्रोटेक्शन', 'क्लाउड-डिलिव्हर्ड प्रोटेक्शन' आणि 'टॅम्पर प्रोटेक्शन' ही तिन्ही बटणे चालू हवीत. शेवटचे बटण महत्त्वाचे आहे, कारण त्यामुळे एखादा व्हायरस गुपचूप डिफेंडरच बंद करू शकत नाही.

आता त्याच पानावर अगदी खाली सरकावे. तेथे 'एक्स्क्लूजन्स' नावाची यादी आहे. बहुतेक जण ती कधीच उघडत नाहीत आणि नेमका घोटाळा तिथेच असतो. या यादीत ज्या फोल्डरचे नाव असेल, त्या फोल्डरमधले काहीही डिफेंडर तपासत नाही. ऑफिसचा क्रॅक बसवून घेतलेल्या एका संगणकावर मी ही यादी उघडली तेव्हा तिच्यात एकच नोंद होती आणि ती संपूर्ण सी ड्राइव्हची होती. वर हिरवी खूण दिसत होती, स्कॅन काही सेकंदांत 'धोका नाही' असे सांगून संपत होता, आणि ते अर्थातच तसे सांगणार, कारण तपासायला त्याला काही शिल्लकच ठेवले नव्हते. नोंद काढून पुन्हा स्कॅन चालवल्यावर धोक्यांची यादी पडद्यावर मावली नाही. आपण स्वतः, कारण माहीत असताना केलेली नसेल अशी प्रत्येक नोंद या यादीतून काढून टाकावी.

पुढे 'ॲप अँड ब्राउझर कंट्रोल'मधील 'रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन' उघडून 'पोटेन्शियली अनवाँटेड ॲप ब्लॉकिंग' चालू करावे. मोफत सॉफ्टवेअरबरोबर चोरपावलांनी येणाऱ्या पट्ट्या आणि क्लीनर यामुळे अडतात. फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरून होणारी नको ती ये-जा अडवणारी भिंत, घरातल्या वाय-फायसाठीही चालूच ठेवावी. हॉटेल, रेल्वे स्थानक किंवा महाविद्यालयाच्या वाय-फायला जोडताना नेटवर्कचा प्रकार 'पब्लिक' निवडावा.

रॅन्समवेअरपासून फोल्डर वाचवणारे 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' मूळच्या स्थितीत बंद असते. ते चालू करावे, पण एक गोष्ट माहीत असू द्यावी. त्यानंतर एखादे नेहमीचे हिशेबाचे किंवा डीटीपीचे सॉफ्टवेअर 'डॉक्युमेंट्स'मध्ये फाइल साठवू शकत नाही आणि चमत्कारिक चूक दाखवते. अशा वेळी लोक वैतागून सगळे संरक्षणच बंद करतात. त्याऐवजी त्याच पानावरील परवानगीच्या यादीत फक्त ते एक सॉफ्टवेअर जोडावे.

तपासणी: 'विंडोज सिक्युरिटी'च्या पहिल्या पानावर सर्व चौकटींना हिरवी खूण हवी आणि 'प्रोटेक्शन अपडेट्स'मधील तारीख आजची किंवा कालची हवी. केवळ हिरवी खूण पुरेशी नाही, हे वरच्या उदाहरणावरून लक्षात आले असेलच.

## टप्पा ४: स्कॅन, आणि तोही क्रमाने

'क्विक स्कॅन'वर समाधान मानू नये. पहिल्या वेळी 'फुल स्कॅन' चालवावा आणि तो संपेपर्यंत संगणकाला झोपेत जाऊ देऊ नये. त्यानंतर 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर अँटिव्हायरस ऑफलाइन स्कॅन' निवडावा. हा स्कॅन संगणक रीस्टार्ट करून, विंडोज पूर्ण सुरू होण्याआधी चालतो, त्यामुळे चालू विंडोजमध्ये लपून बसणारे व्हायरसही त्याच्या हाती लागतात. त्याला साधारण १५ मिनिटे लागतात. उघडी कागदपत्रे आधी साठवून बंद करावीत.

यानंतर दुसरे मत घ्यावे. मालवेअरबाइट्सची मोफत आवृत्ती किंवा इसेट ऑनलाइन स्कॅनर यांपैकी कोणतेही एक अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावे. शोधयंत्रात नाव टाकल्यावर सर्वांत वर येणारे 'प्रायोजित' दुवे टाळावेत, कारण तिथे बनावट प्रती भेटतात. मालवेअरबाइट्स बसवताना ते १४ दिवसांची प्रीमियम चाचणी सुरू करू पाहते. ती घेतली की तेही सतत जागे राहणारे अँटिव्हायरस बनते आणि एकच पहारेकरी ठेवण्याचा नियम मोडतो. चाचणी नाकारावी, सुरू झालीच असेल तर बंद करावी आणि फक्त मागितल्यावर होणारा स्कॅन वापरावा. मायक्रोसॉफ्टचा सेफ्टी स्कॅनर हेही चांगले साधन आहे, परंतु दुसरे मत म्हणून त्याचा उपयोग कमी, कारण तोही मायक्रोसॉफ्टच्याच व्हायरस-ओळखीवर चालतो.

भारत सरकारच्या सर्ट-इन या सायबर-सुरक्षेचे काम पाहणाऱ्या संस्थेचे सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून चालू आहे आणि पुण्याच्या क्विक हीलसारख्या कंपन्यांनी तयार केलेली बॉट, म्हणजे संगणक गुपचूप दुसऱ्याच्या हुकमतीत देणारे सॉफ्टवेअर, काढण्याची मोफत साधने तेथे मिळतात. इंटरनेट सेवादात्यामार्फत या केंद्राच्या नावाने आपल्याला एसएमएस आला असेल, तर त्यातील दुव्यावर न जाता सीएसके डॉट जीओव्ही डॉट इन हा पत्ता स्वतः टाइप करावा. ही साधनेही एकदा चालवून काढून टाकायची आहेत, कायम पहाऱ्याला ठेवायची नाहीत.

एखाद्याच फाइलबद्दल शंका असेल तर व्हायरसटोटल या संकेतस्थळावर ती अनेक इंजिनांकडून एकाच वेळी तपासून मिळते. मात्र तेथे चढवलेली फाइल सुरक्षा-कंपन्यांना उपलब्ध होते, म्हणून आधार, पॅन, बँकेची विवरणे असलेली कागदपत्रे तेथे कधीही चढवू नयेत.

## टप्पा ५: ब्राउझर आणि खाते

'तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले' अशी खिडकी उजव्या कोपऱ्यात वारंवार येते, स्कॅन मात्र स्वच्छ निघतो, अशी तक्रार फार लोक करतात. ती खिडकी बहुतेक वेळा अँटिव्हायरसची नसतेच. कधीतरी एखाद्या संकेतस्थळावर 'अलाऊ' दाबले गेलेले असते आणि ते संकेतस्थळ ब्राउझरमार्फत सूचना पाठवत असते. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये 'नोटिफिकेशन्स'ची यादी उघडून अनोळखी संकेतस्थळांची परवानगी काढावी, आणि त्याच बैठकीत नको असलेली एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला जोडलेली छोटी साधने, हीही काढावीत. जाहिराती आणि फसवे दुवे अडवण्यासाठी फायरफॉक्सवर युब्लॉक ओरिजिन आणि क्रोमवर त्याची लाइट आवृत्ती बसवावी.

रोजच्या वापरासाठी 'स्टँडर्ड' प्रकारचे वेगळे खाते करावे आणि प्रशासकाचे खाते फक्त सॉफ्टवेअर बसवण्यापुरते ठेवावे. घरात मुले तोच संगणक वापरत असतील तर हा बदल कोणत्याही अँटिव्हायरसइतकाच मोलाचा आहे. सगळे पासवर्ड एकाच ठिकाणी जपून ठेवण्यासाठी बिटवॉर्डन किंवा कीपासएक्ससी ही मोफत साधने उत्तम आहेत; ते साधन उघडणारा मुख्य पासवर्ड मात्र कागदावर लिहून घरात सुरक्षित ठेवावा, कारण तो विसरला तर सगळेच पासवर्ड हातचे जातात.

एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मधील 'शो' या पर्यायातून फाइलींची पूर्ण नावे दिसतील असे करावे. 'बिल डॉट पीडीएफ' असे दिसणाऱ्या फाइलीचे खरे शेपूट 'ईएक्सई' आहे, हे त्यानंतरच कळते.

## टप्पा ६: प्रत्यक्ष परीक्षा

सर्व घडी बसल्यावर ती चालते का, हे पाहण्यासाठी आयकार या संस्थेची चाचणी-फाइल वापरावी. ती ६८ अक्षरांची निरुपद्रवी मजकूर-फाइल आहे आणि जगभरातली अँटिव्हायरस तिला मुद्दाम व्हायरस म्हणून पकडतात. संस्थेच्या संकेतस्थळावरून ती उतरवण्याचा प्रयत्न केल्यावर ब्राउझरने किंवा डिफेंडरने अडवले, तर संरक्षण जागे आहे. फाइल बिनबोभाट उतरून उघडली, तर तिसऱ्या टप्प्याकडे परत जावे आणि 'एक्स्क्लूजन्स'ची यादी पुन्हा पाहावी.

## पेनड्राइव्ह: झेरॉक्सच्या दुकानातून परत आल्यावर

दुकानात प्रिंट काढून आल्यावर पेनड्राइव्हमधील सगळ्या फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसू लागतात, मूळ फाइली गायब झाल्यासारख्या वाटतात, आणि घाबरून माणूस त्या शॉर्टकटवरच दोनदा टिचकी मारतो. संसर्ग होतो तो त्या टिचकीने. फाइली बहुधा जागेवरच असतात, फक्त लपवलेल्या असतात. आधी पेनड्राइव्हच्या चिन्हावर उजवी टिचकी देऊन डिफेंडरने स्कॅन करावा. मग एक्सप्लोररमध्ये लपलेल्या वस्तू दाखवण्याचा पर्याय चालू करून, 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स'समोरची खूण काढावी. दिसू लागलेली कागदपत्रे आणि फोटो तेवढे संगणकावर घ्यावेत, पेनड्राइव्ह फॉरमॅट करावा आणि काढलेली खूण परत लावावी. त्याहून सोपा उपाय म्हणजे प्रिंटसाठी वेगळा पेनड्राइव्ह ठेवणे आणि त्यात त्या दिवशी लागणाऱ्या फाइलींपलीकडे काही न ठेवणे.

## स्कॅनमध्ये काही सापडले तर

सापडलेली वस्तू लगेच पुसून टाकण्याऐवजी आधी अलग ठेवावी. 'प्रोटेक्शन हिस्ट्री'मध्ये तिचे नाव आणि ती कुठल्या फोल्डरमध्ये होती हे दिसते. ते लिहून घ्यावे आणि टप्पा १ मध्ये नोंदवलेल्या नावांशी पडताळून पाहावे. संगणक पुन्हा स्वच्छ निघेपर्यंत टप्पा ४ परत करावा आणि मगच सर्व महत्त्वाचे पासवर्ड बदलावेत, ईमेलचा सर्वांत आधी, कारण बाकीच्या खात्यांचे पासवर्ड त्याच्यावरूनच बदलता येतात.

खात्यातून पैसे गेले असतील तर स्कॅन बाजूला ठेवून प्रथम १९३० या राष्ट्रीय सायबर मदतक्रमांकावर फोन करावा आणि बँकेला कळवावे. इथे मिनिटांना महत्त्व आहे; रक्कम पुढे वळती होण्याआधी तक्रार पोहोचली तर ती गोठवली जाण्याची शक्यता राहते. तोवर संगणकाचे इंटरनेट तोडून ठेवावे आणि पुरावा म्हणून लागणारे संदेश, क्रमांक आणि पडद्याची छायाचित्रे पुसू नयेत.

तीच वस्तू ऑफलाइन स्कॅननंतरही परत येत असेल, तर तिच्यामागे दिवसचे दिवस घालवू नयेत. बॅकअप नीट आहे याची खात्री करून 'रीसेट धिस पीसी'मधून 'रिमूव्ह एव्हरीथिंग' आणि त्यानंतर 'क्लाउड डाउनलोड' निवडावे, म्हणजे विंडोजच्या ताज्या फाइली थेट मायक्रोसॉफ्टकडून येतात. नव्या विंडोजवर टप्पा २ पासून सुरुवात करावी आणि बॅकअपची डिस्क टप्पा ३ पूर्ण झाल्यावरच जोडून, स्कॅन करून, मग फाइली परत घ्याव्यात.